गोव्याची गोड पोर्ट

मराठीत ‘दारू’ हा शब्द तीन नोकऱ्या करतो. आजारी माणसाची आपण दवादारू करतो. किल्ल्याच्या कोठारात दारूगोळा असतो. आणि तिसरी दारू कोणती, ते सांगायला नको. फारसीत ‘दारू’चा मूळ अर्थ औषध. औषधाची भुकटी असते तशी तोफेची भुकटी आली, तिला तेच नाव चिकटलं. आणि बाटलीतल्या द्रवाला औषधाचं नाव कुणी दिलं असेल, तर तो पिणाराच असणार!

‘शराब’ची गोष्ट अशीच आहे. अरबीत तिचा मूळ अर्थ फक्त ‘पेय’. शरबत त्याच धातूपासून आलं, आणि औषधाच्या दुकानातलं सिरपही. म्हणजे रमजानच्या संध्याकाळी रोजा सोडताना घेतलेलं शरबत आणि गुत्त्यातली शराब, व्याकरणाच्या दृष्टीनं चुलत बहिणी. ‘अल्कोहोल’ या शब्दाचं मूळ ‘अल-कुहल’ म्हणजे सुरमा. डोळ्यांत घालायची बारीक पूड. तिच्यापासून अर्क, सत्त्व असा अर्थ सरकत सरकत युरोपात गेला आणि मद्यार्काला जाऊन मिळाला. ज्या भाषांच्या लोकांना पिणं निषिद्ध, त्यांनीच जगाला पिण्याचे शब्द पुरवले.

मला आज बोलायचं आहे ते या घराण्यातल्या एका गरीब, गोड नातेवाइकाबद्दल. गोव्याची पोर्ट वाइन. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात जे लोक १९७० आणि ८०च्या दशकांत कॉलेजात होते, त्यांच्या चेहऱ्यावर हे नाव ऐकून एक ओळखीचं हसू येतं. आज वाइनवर तासभर बोलणारे लोक भेटतात. त्या काळी आमच्यासाठी वाइन म्हणजे एकच : जांभळी, घट्ट, साखरेसारखी गोड आणि स्वस्त. वाइन कोरडी असू शकते, पांढरी असू शकते, हे आम्हांला कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

या बाटलीवर ‘पोर्ट’ हे नाव कुठून आलं, ते पाहण्यासारखं आहे. उत्तर पोर्तुगालमध्ये दोरू नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात डोंगरउतारावर पायऱ्या खोदून द्राक्षं लावतात. तिथली वाइन होड्यांतून नदीच्या मुखाशी, पोर्तो शहराकडे येई आणि तिथून जहाजानं इंग्लंडला जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-फ्रान्स युद्धांमुळे इंग्रजांना फ्रेंच वाइन मिळेना. मग त्यांनी पोर्तुगालकडे मोर्चा वळवला. १७०३मध्ये मेथुएन करार झाला. पोर्तुगालनं इंग्लंडचं लोकरी कापड घ्यायचं आणि इंग्लंडनं पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची. म्हणजे इंग्रजांच्या जिभेची आवड जकातीनं ठरवली. पिणारा समजतो की आवड आपली आहे. ती पुष्कळदा सरकारच्या कराची असते. हे सूत्र पुढेही उपयोगी पडणार आहे.

समुद्रप्रवासात वाइन खराब होई. ती टिकावी म्हणून व्यापारी तिच्यात ब्रँडी मिसळू लागले. पुढे ब्रँडी घालायची वेळ अलीकडे आली : रस आंबत असतानाच. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा त्यातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचं मद्यार्कात रूपांतर करतात. मध्येच ब्रँडी ओतली की ते जीव मरतात आणि न खाल्लेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट एकाच वेळी गोड असते आणि साध्या वाइनपेक्षा कडक असते. साधारण वीस टक्के मद्यार्क. गोडी पुढे आणि कडकपणा मागे, असा तिचा स्वभाव. पहिला घोट घेणाऱ्याला पुढचाच फक्त दिसतो.

मागणी वाढली तशी भेसळ वाढली. वाइनला गडद रंग यावा म्हणून एका जंगली झुडपाच्या काळ्या फळांचा रस तिच्यात मिसळू लागले. तेव्हा पोर्तुगालचा सर्वेसर्वा झालेल्या मार्किस ऑफ पोंबालनं १७५६मध्ये कंपनी स्थापन केली, दोरू खोऱ्यातल्या वाइनच्या प्रदेशाच्या हद्दी आखून दगडी खांब रोवले आणि ती झुडपं उपटून टाकायला लावली. आज युरोपच्या कायद्यानुसार त्या खोऱ्यातल्या वाइनलाच पोर्ट म्हणता येतं. हे मुद्दाम सांगतो. आमच्या गोव्याच्या पोर्टला नाकं मुरडणारे म्हणतात की ती रंग-साखरेची करामत आहे. असेल. पण ही करामत खुद्द पोर्टच्या माहेरी अडीचशे वर्षांपूर्वीच करून झालेली होती.

पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात आले आणि १९ डिसेंबर १९६१ला गेले. साडेचारशे वर्षांत वाइन गोव्यात आली ती जहाजातून. चर्चमध्ये मासला वाइन लागायची आणि भाटकारांच्या घरी जेवणानंतर छोट्या ग्लासातून अस्सल पोर्ट फिरायची. गरिबाचा वाइनशी संबंध नव्हता. त्याच्याकडे माडाची सूर होती, माडाची फेणी होती आणि पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बोंडांची फेणी होती. गोवा मुक्त झाला आणि लिस्बनहून येणारा तो ओघ थांबला. पण चव मागे राहिली होती, चर्च मागे राहिलं होतं, ‘बाळंतिणीला थोडी पोर्ट द्यावी, रक्त वाढतं’ ही आजीबाईची समजूत मागे राहिली होती. मग पोर्ट इथंच बनू लागली. गोव्याच्या दमट हवेत द्राक्षं धड होत नाहीत. ती घाटावरून आली. बहुतेक करून ‘बेंगलोर ब्लू’ जातीची : काळी, जाड सालीची, उग्र वासाची. त्यात साखर, वरून मद्यार्क. युरोपच्या कायद्यात ती पोर्ट नाही. आमच्या बोलीत तीच पोर्ट.

आता मधल्या सरहद्दीकडे येऊ. कारण ही बाटली नुसती गोड होती म्हणून प्रिय झाली नाही; ती सरहद्दीपलीकडे होती, म्हणून प्रिय झाली.

इंग्रजांच्या राज्यात दारू म्हणजे महसूल. त्या खात्याचं नावच मुळी ‘आबकारी’. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्यानं माडाच्या ताडीवरचा कर चढला आणि १८९२मध्ये ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींनी मोहाची फुलं साठवण्यावरही कायदा आला. सरकारला लोकांचं पिणं थांबवायचं नव्हतं. घरचं फुकट पिणं थांबवून दुकानातलं विकत पिणं वाढवायचं होतं. त्यामुळे काँग्रेसच्या लेखी दारूबंदी हा स्वातंत्र्याचाच भाग होता, हे समजून घेतलं पाहिजे. १९३९मध्ये मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहखातं सांभाळत होते.

या कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : कायदा मुळात वैध आहे, पण मद्यार्क असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावर बंदी घालता येणार नाही. म्हणजे ‘दारू’ शब्दाचे दोन अर्थ न्यायालयानं रीतसर वेगळे करून दिले. औषध ते औषध आणि दारू ती दारू. पण माणसं एवढी शिस्तीची असती तर काय हवं होतं! औषधाच्या दुकानांतून टॉनिक वाइन, टिंक्चर आणि आसवं यांच्या बाटल्या ज्या वेगानं खपल्या, त्यावरून तेव्हाच्या मुंबई राज्यात अशक्तपणाची साथ आली असावी, असंच कुणाला वाटलं असतं.

आमच्या घरातही एक बाटली होती. माझी दादी रोज रात्री इशाची नमाज झाल्यावर दोन चमचे द्राक्षासव घ्यायची. सावंतवाडीच्या वैद्यांनी सांगितलं होतं, भूक लागते, झोप लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सातवी-आठवीत असताना मी त्या बाटलीवरचा कागद वाचला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात स्वयंउत्पन्न मद्यार्क आहे. दादीला मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मी तिला ते वाचून दाखवलं नाही. घरात कुणीच दाखवलं नाही. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यांनी तो कागद वाचला नसेल, हे संभवत नाही.

१९६०च्या दशकात सरकारनं दारूबंदीची पकड सैल केली, पण कायदा गेला नाही. आजही तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावानं आहे आणि त्याच्या अक्षराप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा. गोव्यात यांतलं काही नव्हतं. कर कमी, दुकानं उघडी, आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी तुम्ही उगाच शिंकलात तरी संध्याकाळपर्यंत ती बातमी घरी पोचते. गोव्यात तुम्ही कुणाचेच कुणी नसता.

१९८७-८८च्या सुमारास आम्ही चार मित्र बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. महिन्यातून एखाद्या रविवारी, खिशात पैसे असतील तेव्हा, एसटीनं बांद्यावरून गोव्यात उतरायचो. पत्रादेवीला सरहद्द. तिथं हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीसाठी निःशस्त्र निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी तिथं गोळ्या झाडल्या होत्या. दारूच्या दुसऱ्या अर्थाची ती जागा. तिथून तिसऱ्या अर्थाकडे निघालेली आमची एसटी स्मारकासमोरून जाताना आमच्यातला एक जण न चुकता हात जोडायचा. आम्ही त्याला हसायचो नाही.

म्हापशात उतरायचं किंवा पुढे पणजीला जायचं. मांडवीवरचा पूल १९८६च्या पावसाळ्यात कोसळला होता. नवा पूल १९९२ला झाला, तोवर बेतीहून फेरीबोटीनंच पणजीला जावं लागे. त्या फेरीबोटीत मासळीच्या टोपल्या, स्कूटर, शाळेची पोरं आणि आम्ही. पणजीत एका गल्लीत म्हातारी कोकणी बाई चालवायची असा छोटा बार होता. चार बाकं, जाड काचेचे ग्लास. पोर्टची एक बाटली चौघांत. सोबत चणे नाहीतर पाव आणि रस्सा घातलेलं ऑम्लेट. एवढ्यात जेमतेम भागायचं.

चव कशी होती? खोकल्याचं औषध आणि जांभळाचा रस यांच्या मधली. जीभ जांभळी व्हायची आणि परतीच्या वाटेत ती आधी पाण्यानं, मग बडीशेपेनं, मग चक्क रुमालानं घासून काढावी लागायची. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली की आमच्याकडे बाटली नसूनही छाती धडधडायची. बाटली आमच्या पोटात होती. प्रत्येकाच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार! पण त्या ग्लासभर गोड पाण्यावर आम्ही केशवसुतांपासून नारायण सुर्व्यांपर्यंत सगळ्यांचा हिशेब करायचो. नोकरी कुणाला लागणार, कुणाची बहीण कुठे द्यायची, मुंबईला जावं की आखातात, हे सगळं त्या बाकांवर ठरलं. दुसऱ्या दिवशी ते मोडलं, हा भाग वेगळा.

मला तिथं ‘शायर’ म्हणायचे. माझं नाव मुसलमानी, तेव्हा उर्दू गझल आणि मदिरा या दोन्ही विषयांतला मी घरंदाज जाणकार, असा मित्रांचा समज. ते दिवस पंकज उधास यांच्या कॅसेटींचे होते. मित्र म्हणायचे, “तुमच्या शायरीत तर दुसरं काही नसतंच. मग तुला बंदी कशी?” मी त्यांना काय सांगणार? आमच्या घरी बोलायची भाषा कोकणी मराठी. उर्दू मी शिकलो ती मदरशात थोडी आणि रेडिओवर जास्त. आणि बंदी म्हणाल तर ती अगदी स्पष्ट होती. तिला पळवाट नव्हती, शायरीचीसुद्धा नाही. त्या बाकावर मी चौघांत एकटा असा होतो, ज्याच्या ग्लासात पोर्टशिवाय आणखी काहीतरी असायचं. ते माझ्या मित्रांना दिसत नव्हतं. त्यांना घरी कळलं तर बोलणी बसणार होती. मला अम्मीचा चेहरा दिसायचा.

पण मित्रांच्या त्या प्रश्नामुळेच मी पुढे हा विषय वाचत गेलो. फारसी-उर्दू कवितेतली मदिरा नेमकी कुठं गाळतात, हे शोधत गेलो. रियाज खैराबादी हे उर्दूतले मदिराकाव्याचे बादशहा. १९३४मध्ये ते गेले. जन्मभर त्यांनी प्याल्यावर लिहिलं आणि थेंब चाखला नाही, असं त्यांच्याबद्दल सांगतात. हिंदीत हरिवंशराय बच्चन यांची ‘मधुशाला’ १९३५ची. तेही न पिणारे. सूफींच्या लेखी साकी म्हणजे गुरू आणि नशा म्हणजे ईश्वराचा ध्यास. शिराझचा हाफिझ मात्र दोन्ही अर्थ असे बेमालूम मिसळतो की सातशे वर्षं भांडण मिटलेलं नाही. या हाफिझला बहमनी सुलतानानं दख्खनला बोलावलं होतं, वाटखर्चही पाठवला होता. हाफिझ होर्मुझच्या बंदरात जहाजावर चढला, वादळ पाहून उतरला आणि सुलतानाला एक गझल पाठवून मोकळा झाला. विजापूरच्या दरबारी राहिलेल्या फरिश्तानं ही गोष्ट लिहून ठेवली आहे. तो आला असता तर दख्खनच्या कवितेचं काय झालं असतं, कोण जाणे.

गालिब मात्र प्यायचे आणि लपवायचे नाहीत. १८५७नंतर दिल्लीत त्यांना एका इंग्रज कर्नलसमोर नेलं. त्यानं विचारलं, तुम्ही मुसलमान आहात का? गालिब म्हणाले, अर्धा. दारू पितो, डुक्कर खात नाही. त्यांचे शिष्य हाली यांनी गालिबचरित्रात हा किस्सा दिला आहे. लोक त्यावर हसतात. मला त्यात विनोदाइतकीच सावधगिरी दिसते. शहरात फाशा चालू असताना एक म्हातारा कवी स्वतःला अर्धा करून घेतो आणि जीव वाचवतो.

मराठीत ही मदिरा आणली माधव जूलियनांनी. ते फारसीचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, ते १९२९ साल. पुढे फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून आणखी एक अनुवाद केला, त्याचं नाव ‘द्राक्षकन्या’. फारसीत वाइनला ‘दुख्तर-ए-रज’ म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीची मुलगी. तोच हा शब्द मराठी साडी नेसून आला. सावंतवाडीच्या ग्रंथालयात ते पुस्तक हाती आलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो पणजीच्या बाकावर कधी झाला नव्हता. आपल्या दोन भाषांमध्ये कुणीतरी आधीच पूल बांधून ठेवला आहे, आपल्याला फेरीबोटीची वाट पाहायला नको, असं वाटलं.

आणि मराठीतच याची दुसरी बाजूही होती. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम विनोदी आहे, त्याचं मदिरामंडळ विनोदी आहे, प्रेक्षक हसत असतात. शेवटी सिंधूचं काय होतं ते पाहून घरी जाताना कुणी हसत नाही. हसवत हसवत आत नेणं ही गडकऱ्यांची युक्ती. पुढे गोडी आणि मागे कडकपणा, ही पोर्टची रीत.

१९९०नंतर चित्र पालटायला लागलं. खरं तर महाराष्ट्र हा जुना द्राक्षांचा मुलूख. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथल्या द्राक्षांना वर्षातून दोनदा बहर येतो, अशी नोंद त्यानं केली. पण ती खायची द्राक्षं. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावानं गेली. निशापूरच्या ज्योतिर्विदाला जुन्नर तालुक्यात असा आसरा मिळाला. मग नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २०००मध्ये बाजारात आली. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनवरचं शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. मेथुएन कराराचं सूत्र इथंही लागू पडलं : कर उतरला, आवड वाढली.

पण ही नवी वाइन आमच्या पोर्टला ओळख देत नव्हती. ती कोरडी, तिचे ग्लास वेगळे, तो धरायची रीत वेगळी, ती पिणारा माणूस वेगळा. गोड वाइन आवडते असं म्हणणं गावंढळपणाचं ठरलं. त्यातही चढउतार झाले. २००८च्या मंदीनंतर मागणी घटली आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा तोडून टाकल्या. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद तेव्हा आपण सगळ्यांनी ऐकला. विरोध एवढा झाला की निर्णय अमलात आलाच नाही. मला त्या वादात बलसारांच्या खटल्याची आठवण येत राहिली. कोणती बाटली औषध, कोणती शेतीमाल आणि कोणती दारू, हे ठरवताना बाटलीत काय आहे याच्याइतकंच ती कुणाच्या हातात आहे, हे आपण बघत असतो. देशी दारूच्या दुकानासमोर पडलेल्या माणसाला कुणी संस्कृतीचा भाग म्हणत नाही.

आमच्या चौघांतला एक जण असा पडला. पत्रादेवीला हात जोडणारा तोच. त्याला नोकरी लागली, ती गेली, मग दुसरी लागली नाही. पोर्टवरून रम, रमवरून देशी. पोर्टमुळे तो तिकडे गेला असं मी म्हणणार नाही. आम्ही तिघंही त्याच बाटलीतून प्यायलो होतो आणि तिघंही आज धड आहोत. पोर्ट माझी आपोआपच सुटली, कुठली शपथ न घेता. त्याची सुटली नाही. चाळीस वर्षं पुरी व्हायच्या आधी तो गेला.

त्यानंतर काही वर्षांनी माझा एक कवितासंग्रह आला. त्यात पणजीच्या त्या बाकांवरची एक कविता होती. फेरीबोट, जांभळ्या जिभा, चार ग्लास. कवितेला दाद बरी मिळाली. पुस्तक घेऊन मी मित्राच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणवाडीत काम करते. तिनं ती कविता तिथंच उभ्या उभ्या वाचली आणि पुस्तक मिटून म्हणाली, “भाऊजी, छान लिहिलंय. पण ही बाटली आमच्याकडे कधी आलीच नाही हो. आमच्या घरी आली ती नव्वदी. तिची कविता कोण करणार?”

मी चहा घेतला आणि उठलो. उत्तर द्यायला काही नव्हतं. पुढे तिच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान झालं. आपल्याकडे अशा मतदानाची पद्धत आहे; मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, दोन चित्रं. ती दिवसभर केंद्राबाहेर उभी राहून एकेका बाईला समजावत होती. बाटली आडवी झाली. ती कविता मी पुस्तकातून काढलेली नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. कविसंमेलनात वाचतोही. फक्त वाचून झाल्यावर तिचं हे वाक्यही ऐकवतो. सभागृह थोडा वेळ गप्प होतं. मला ती शांतता दादेपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

मद्याचा इतिहास आजवर दोघांनी लिहिला. एक आबकारी खात्यानं : किती पिंपं, किती जकात, किती परवाने. दुसरा आम्ही कवींनी : किती प्याले, किती पहाटा, किती मित्र. दोन्हीकडे भरपूर कागद आहे. तिसरा इतिहास घराघरांत आहे. तो मतपत्रिकेवरच्या एका चित्रापुरता कागदावर येतो आणि पुन्हा स्वयंपाकघरात जातो. तो लिहायला माझ्यासारखा माणूस पुरा पडणार नाही. तो ज्यांचा आहे, त्या लिहायला बसल्या आहेत. आपण ऐकायला जागे राहिलो तरी पुष्कळ झालं.

गोव्याची पोर्ट अजून मिळते. दुकानात ती सगळ्यांत खालच्या फळीवर असते. नाताळच्या आधी केकसाठी बायका घेऊन जातात आणि पेन्शनीतली म्हातारी माणसं डॉक्टरांना न विचारता औषध म्हणून नेतात. फारसीतला ‘दारू’ शब्दाचा मूळ अर्थ त्या खालच्या फळीवर अजून जिवंत आहे म्हणायचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)